सेत्तिमियाच्या हाती तळघराची किल्ली

वरच्या खोलीत काठी आपटली तसा सेत्तिमियाने हातातला फडका टेबलावर फेकला. सकाळपासून ही सातवी वेळ. आधी पाणी हवं होतं. मग खिडकी उघडायची होती, मग तीच लावायची होती. प्लास्टरच्या आत खाजतं म्हणून विणायची सुई दिली, तर ती आतच अडकली आणि काढता काढता अर्धा तास गेला. तिच्या नवऱ्याने, गाल्यानोने, पाय मोडून घेतला तोसुद्धा द्राक्षतोडणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि मळ्यात नव्हे. अडुसष्टाव्या वर्षी अंजिराच्या झाडावर चढून, शेंड्यावरचं एक अंजीर कावळ्याने खाऊ नये म्हणून.

"काय हवंय?" ती जिन्याखालून ओरडली.

"एल्वियो आला का?"

"नाही. न येवो."

"आला की लगेच वर पाठव. किल्ली द्यायचीय त्याला."

सेत्तिमियाने कपाळाला हात लावला. एल्वियो म्हणजे तिचा धाकटा दीर. गवंडीकाम करायचा, म्हणजे सकाळी करायचा; दुपारनंतर त्याच्या हातात विटेपेक्षा ग्लास स्थिर राहायचा. आणि किल्ली म्हणजे तळघराची.

घराखालच्या दगडात खोदलेलं ते तळघर बावन्न पायऱ्या खाली होतं. तिथे तीन पिंपांत तीन जातींच्या द्राक्षांची वाइन वेगवेगळी ठेवलेली. मालवाझिया सुवासिक, जराशी गोडसर, अंगाने मऊ. त्रेब्बियानो आंबट आणि फटकळ. आणि एका लहान पिंपात बेल्लोने, जी या दोघींना धरून ठेवते. तिघींची योग्य मापात मिसळ झाली की या फ्रास्काती गावाची पांढरी वाइन होते. माप चुकलं की ना धड गोड ना धड आंबट असं काहीतरी होतं, आणि ते वर्षभर लोकांना पाजावं लागतं. अकरा नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस. त्या दिवशी दारावर हिरवी फांदी टांगायची, की लोकांना कळतं नवी वाइन निघाली. आज एकतीस ऑक्टोबर उजाडला होता. वाइन अजून तिन्ही पिंपांत सुटीच, मिसळणारा वर प्लास्टरमध्ये, आणि किल्ली त्याच्या उशीखाली.

ती किल्ली सेत्तिमियाने चव्वेचाळीस वर्षं नुसती पाहिली होती. एकोणिसाव्या वर्षी शेजारच्या मारिनो गावाहून लग्न होऊन या घरात आली, त्याच दिवशी सासूने बजावलं होतं, बाई तळघरात उतरली की वाइनचं व्हिनेगर होतं. खरं तर बंदी महिन्यातल्या त्या चार दिवसांची. पण कुठले चार दिवस हे पुरुषांना कळणार कसं, म्हणून मग तीसही दिवस बंदी. पुढे दोन बाळंतपणं झाली, सासू गेली, बारा-तेरा वर्षांपूर्वी पाळीही गेली. नियम तेवढा गेला नाही. गाल्यानोने नवी कारणं काढली. पायऱ्या ओल्या असतात, तुझे गुडघे दुखतात. तुझ्या हाताला कांद्याचा वास येतो, वाइन वास धरते. कांदा रोज दोन वेळा कोणासाठी चिरला जात होता, हे त्याच्या लक्षात येण्याचं काही कारण नव्हतं.

तिचं राज्य वर. नऊ टेबलं, अठरा बाकं, अंगणात आणखी चार टेबलं. खायला इथे काही मिळत नव्हतं, कधीच मिळालं नव्हतं. घराने वाइन द्यायची, ग्लास द्यायचे आणि बसायला जागा. खाणं ज्याने त्याने कागदात बांधून आपलं आपण आणायचं. रविवारी रोमहून बसने माणसं यायची, पुडकी उघडायची, आणि अंगणभर भाजलेल्या डुकराचा, लसणीचा, मेंढीच्या चीजचा वास सुटायचा. सेत्तिमिया वाइनचे काचेचे चंबू नेऊन ठेवायची आणि मग टेबलं पुसायची. चव्वेचाळीस वर्षं लोकांचं खाणं पाहून पाहून तिला कळून चुकलं होतं की आपली वाइन कोणाशी संसार करते आणि कोणाशी भांडते. आणि जे कळलं ते ती तोंडावर सांगायची.

"आर्टिचोक? वाइनबरोबर?" एप्रिलमध्ये ती एखाद्याच्या पुडक्यातल्या त्या खवल्याखवल्यांच्या भाजीवर वाकून विचारायची. "मग तोंडात पत्र्याची चव आली की माझ्या वाइनला नावं ठेवाल. पाणी आणते, पाणी प्या."

"सोरा सेत्तिमिया, पैसे वाइनचे देतोय आम्ही." इथे वयाने मोठ्या बाईला "सोरा" म्हणायची पद्धत.

"म्हणूनच सांगते. फुकट प्यायला असतात तर मेलात तरी बोलले नसते."

बस कंडक्टरीतून निवृत्त झालेला क्विरिनो हे तिचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. दर रविवारी तो जवळच्या आरिच्चा गावाहून पोरकेत्ता घेऊन यायचा, लसूण, मिरी आणि रानबडीशेप पोटात भरून अख्ख्या भाजलेल्या डुकराचे जाड काप. इतरांना तो सांगायचा, "पुडकं टेबलाखाली उघडा. हिने पाहिलं तर तिकीट तपासते."

पण गेली आठ-दहा वर्षं सेत्तिमियाला टेबलं पुसताना वेगळंच दिसत होतं. पोरकेत्ताची चरबी कागदातच राहायची. तळलेल्या खारवलेल्या कॉड माशाचे अर्धे तुकडे मांजरांना जायचे. लोक चार घास खायचे आणि हात आवरायचे. कारण तिला ठाऊक होतं. डॉक्टरांनी गाल्यानोची सिगार सोडवली आणि त्याच्या जिभेला गोडाची चटक लागली. तेव्हापासून दर वर्षी तो मालवाझिया वाढवत चालला होता. वाइन मऊ, गुळमुळीत झाली होती. चरबीच्या घासानंतर तोंड धुऊन निघायला आंबट लागतं, आणि तेच तिच्यात उरलं नव्हतं. खालच्या गल्लीतल्या गुत्त्यावर आता रविवारी बाकं कमी पडायला लागली होती, आणि इथे दोन टेबलं रिकामी असायची.

तिने गाल्यानोला सांगितलं होतं. एकदा नाही, दर वर्षी.

"टेबलं पुसून वाइन कळत असती," तो म्हणायचा, "तर मी फडक्यालाच विचारलं असतं."

एल्वियो दुपारी आला. वर जाऊन किल्ली घेऊन आला, "जरा बघून येतो काय परिस्थिती आहे" म्हणून खाली उतरला, आणि पाऊण तासाने गाणं म्हणत वर आला. शर्टाची डावी बाही कोपरापर्यंत ओली.

"परिस्थिती उत्तम आहे, वहिनी," तो म्हणाला. "फार उत्तम. उद्या परत बघावी लागेल."

"नळी तोंडात धरून बघितलीस वाटतं."

"कारागीर माल तपासतो."

"मग आता तीन दिवस बसून तपास. अकरा दिवसांनी दारावर फांदी लावायची आहे आणि खाली तपासायलाच काही उरायचं नाही."

बोलता बोलता त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि बाही पिळायला लागला. सेत्तिमियाने किल्ली उचलून एप्रनच्या खिशात टाकली. त्याने पाहिलं, तोंड उघडलं, आणि कदाचित आपल्याला आता बावन्न पायऱ्या परत उतराव्या लागणार नाहीत हे लक्षात येऊन मिटलं.

ती वर गेली.

"किल्ली माझ्याकडे आहे."

"तुला कोणी दिली?"

"तुझ्या भावाच्या पायांनी. त्याला ते धरत नाहीयेत. जिन्यात बसलाय."

गाल्यानो उशीवर उठून बसायला गेला आणि कळवळला. "सेत्तिमिया, बाई खाली उतरली तर..."

"मी त्रेसष्ट वर्षांची आहे. कशाचं व्हिनेगर व्हावं असं माझ्यात आता काही उरलेलं नाही. तू उतरतोस? उतर. नाहीतर फांदी न लावता बस, आणि सगळे खालच्या गल्लीत जाऊन संत मार्टिन साजरा करतील."

त्याने प्लास्टरमधल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी सांगतो तस्सं करायचं. सहा बादल्या मालवाझिया, दोन त्रेब्बियानो, एक बेल्लोने. म्हण."

"सहा, दोन, एक."

"परत म्हण."

"गाल्यानो, मी दोन पोरं वाढवलीत."

"वाइन पोरांसारखी नसते. ती बिघडली की कायमची बिघडते."

दुसऱ्या दिवशी ती खाली उतरली. वाटेत एवढ्या वर्षांत मनात साठवलेलं काहीबाही आठवत होतं: काहीतरी मोठं असेल, चर्चसारखं थंड, गंभीर. खाली दिवा लावला तर समोर तिची आरामखुर्ची. लाल कापडाची, माहेराहून आणलेली, जी तेवीस वर्षांपूर्वी अंगणातून चोरीला गेली होती. गाल्यानोने तेव्हा पोलिसांत जायची गरज नाही म्हणून तिला समजावलं होतं. खुर्चीवर उशी. बाजूला पालथ्या खोक्यावर रेडिओ, चष्मा आणि ताटलीत अर्धं चीज. या खुर्चीत बसून तो दर संध्याकाळी दोन-दोन तास वाइनची काळजी घ्यायचा, आणि ती वर शेवटच्या गिऱ्हाइकाची उष्टी गोळा करायची.

तिला ओरडावंसं वाटलं. पण बावन्न पायऱ्यांवर आवाज जाणार कसा? तिने ताटलीतलं चीज खाऊन टाकलं आणि कामाला लागली.

तीन दिवस ती रोज टोपली घेऊन खाली जायची. टोपलीत आरिच्च्याहून आणवलेल्या पोरकेत्ताचे दोन काप, तळलेला कॉड, लसूण घालून परतलेली कडू चिकोरी, चीजचा तुकडा, वाळवलेल्या मांसाची तिखट पट्टी. मापाचा ग्लास घेऊन ती मिसळायची, घास खायची, घोट घ्यायची, आणि उरलेलं बादलीत ओतायची. सहा-दोन-एकच्या घोटाने पोरकेत्ता तोंडात तशीच चिकटून राहिली. पाच-तीन-एक बरी होती. चार-चार-एकच्या घोटाने चरबी झटकन धुतली गेली, आणि रानबडीशेपेचा वास नाकात परत आला, आणि तिचा हात आपोआप दुसऱ्या कापाकडे गेला. तिने तिथेच थांबवलं. कॉडबरोबर चालली. चिकोरीबरोबर सुद्धा चालली, आणि कडू भाजीबरोबर चालणं सोपं नाही.

मग दोन दिवस बादल्या. रिकामं, धुतलेलं पिंप, एक एक बादली मोजून. पाठीचा कणा जागोजाग बोलायला लागला. वरून काठीचा आवाज इतक्या खाली येत नव्हता, हे एक सुख. तरी शेवटी तिला धाकधूक वाटलीच. ही वाइन अकरा तारखेला पडली, लोकांनी तोंड वाकडं केलं, तर गाल्यानो जन्मभर सांगेल की बाई खाली उतरली म्हणून. किल्ली एल्वियोकडे जाईल. आणि ती मरेपर्यंत टेबलं पुसेल. म्हणून तिने वेताच्या जाळीतल्या मोठ्या काचेच्या बुधल्यात सहा-दोन-एक अशी गाल्यानोची मिसळही भरून ठेवली. अगदी तो म्हणाला तस्सं. पन्नास लिटर. त्याला काही म्हणायला जागा नको.

त्याने वाइन चाखायला मागितली तेव्हा तिने बुधल्यातलीच नेली.

गाल्यानोने घोट घेतला, जीभ टाळूला लावली. "जमलंय," तो म्हणाला. "बघ, नीट सांगितलं की कोणालाही जमतं."

सेत्तिमिया ग्लास घेऊन खाली आली आणि इतक्या जोरात विसळला की दांडी तुटली.

अकरा तारखेला ऊन पडलं होतं. तिने दारावर फांदी टांगली, आणि बारा वाजायच्या आत अंगण भरलं. क्विरिनो पोरकेत्ता घेऊन आला. त्याने आणि एल्वियोने मिळून गाल्यानोला खुर्चीसकट जिन्यावरून खाली आणलं, वाटेत दोनदा टेकवलं, एकदा भिंतीवर आपटलं.

"अरे सांभाळून! मी काय कपाट आहे?"

"कपाट गप्प बसतं," क्विरिनो म्हणाला.

सेत्तिमियाने सगळ्या टेबलांवर चंबू ठेवले, पिंपातल्या वाइनचे. तिच्या. गाल्यानोच्या पुढ्यातही ठेवला. त्याने ग्लास भरला, ऐटीत वर धरला, सगळ्यांना "आरोग्य लाभो" म्हटलं, आणि प्यायला.

त्याचा चेहरा उतरला. "ही माझी नाही."

जवळच्या दोन-तीन टेबलांवरच्या माना वळल्या.

"ही आंबट आहे. सेत्तिमिया! काय केलंस तू खाली? मी सांगितलं होतं का नव्हतं, बाई उतरली की..."

"पोरकेत्ता खा आणि मग बोल."

"मला भूक नाही."

"क्विरिनो, त्याला काप दे."

"मी माझ्यातला देऊ?" क्विरिनोने कागदाकडे पाहिलं. कागदात काही नव्हतं. चरबीसुद्धा नव्हती. तो पावाच्या तुकड्याने कागद पुसत होता. स्वतःच चकित होऊन म्हणाला, "संपली की. अर्धा किलो होती."

"बायकोसाठी ठेवायची होती ना?" सेत्तिमियाने विचारलं.

"हो ना. आता वाइन नेतो घरी, म्हणजे ती विचारायची नाही."

शेवटी शेजारच्या टेबलावरून एक काप गाल्यानोसाठी आला. त्याने तो रागारागाने खाल्ला आणि वर वाइन प्यायली. दुसरा काप आला. तोही खाल्ला. मग म्हणाला, "माझी कुठेय?"

"खाली आहे. तुझ्या मापाने. पन्नास लिटर."

"आण."

तिने चंबू भरभरून आणली. गाल्यानोने खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःच्या हाताने सगळ्यांना ओतून दिली. लोकांनी पोरकेत्ताबरोबर दोन्ही प्यायल्या आणि एकमेकांकडे पाहिलं. जखमी माणसासमोर बोलायचं कसं, असा प्रश्न होता. एल्वियोला तसला काही प्रश्न नव्हता. "भाऊ," तो म्हणाला, "तुझी वाइन प्यायल्यावर मला डुलकी येते. वहिनीची प्यायल्यावर भूक लागते."

हसू उसळलं. गाल्यानोचे कान लाल झाले. सेत्तिमियाला वाटलं, झालं, चव्वेचाळीस वर्षांनी एकदाचं झालं. ती त्याच्याकडे बघणार तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर बेकरीवाल्या लोरेताने आपलं पुडकं सोडलं. आत तिने केलेली गोड बिस्किटं होती, पीठ वाइनमध्ये मळून कड्यांसारखी वळलेली, साखरेत घोळलेली. संत मार्टिनच्या दिवशी जेवणानंतर ती वाइनमध्ये बुडवूनच खायची.

लोरेताने बिस्किट सेत्तिमियाच्या वाइनमध्ये बुडवलं, चावलं, आणि डोळे बारीक केले. "अगं बाई. दात शिवशिवले."

"काय?"

"आंबट लागतंय गं, साखरेपुढे. बघ." तिने दुसरं बिस्किट गाल्यानोच्या वाइनमध्ये बुडवलं. चेहरा मोकळा झाला. "ही बघ कशी लागते. जरा मधासारखी."

एकापाठोपाठ एक सगळ्यांचे हात पुडक्याकडे गेले. क्विरिनोने बुडवलं. एल्वियोने दोन बुडवली. माना डोलल्या. गाल्यानो खुर्चीत ताठ झाला. प्लास्टरमधला पायसुद्धा लांब झाल्यासारखा वाटला.

"काय?" तो म्हणाला. "काय म्हणत होता तुम्ही? काय मिसळलंय मी, कळलं का? ही वाइन गोडासाठी आहे! गेली दहा वर्षं!"

"दहा वर्षं तू ती लोकांना डुकराबरोबर पाजत होतास," सेत्तिमिया म्हणाली.

"ते लोकांना कळायला हवं होतं!"

तिने बिस्किट घेतलं. आधी आपल्या वाइनमध्ये बुडवलं, मग त्याच्या. तिला खोटं बोलता आलं असतं. पण अंगणातले चाळीस जण तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि ज्या तोंडाने ती या माणसांना एप्रिलमध्ये आर्टिचोकवरून झापायची, त्याच तोंडाला आता खरं सांगणं भाग होतं.

"बिस्किटाला त्याची," ती म्हणाली. जणू दात काढून घेतल्यासारखं. "मांसाला, माशाला, भाजीला माझी."

"झालं तर मग!" क्विरिनोने टेबलावर थाप मारली. "दोन्ही ठेवा. आधी सोराची, मग गाल्यानोची. पहिलं तिकीट आरिच्चा, दुसरं तिकीट लोरेताची बेकरी."

"पुढच्या वर्षी माझी पिंपभर हवी," गाल्यानो म्हणाला. "बुधल्यात काय होतंय?"

"आणि ती कोण करणार?"

"तू. आता तुला येतंच आहे की."

सेत्तिमियाने त्याच्याकडे पाहिलं. या माणसाला बोलून दाखवायच्या गोष्टींची यादी जिन्याहून लांब होती. लाल खुर्ची त्या यादीत पहिली होती, पण ती आज बोलून काढायची नव्हती. ती घरात, दार लावून.

"म्हणजे दोन पिंपं, दोन मापं, दोनदा बादल्या. मी."

"मी सांगेन ना वरून."

"तू वरून एक शब्द सांगायचा नाहीस. किल्ली माझ्याकडे राहील, आणि पाय बरा झाल्यावरसुद्धा माझ्याकडेच राहील. खाली यायचं असेल तर विचारून यायचं."

अंगणात कोणीतरी शीळ घातली. गाल्यानोने तोंड उघडलं, लोरेताने त्यात बिस्किट घातलं. त्याने ते चावलं. चावता चावता मान हलवली. हो म्हणाला का नाही, हे बिस्किटामुळे नीट कळलं नाही, पण चाळीस साक्षीदारांना ते हो वाटलं, आणि सेत्तिमियाने तेच धरलं.

"सोरा, गोडाची संपली इकडे!"

"इकडे मांसाची!"

"आमच्याकडे दोन्ही, सोरा, आणि जरा लवकर!"

सकाळपासून पाच वेळा बावन्न पायऱ्या झाल्या होत्या. आता दोन्ही हातांत चंबू घेऊन, कोणत्या हातात कुठली ते लक्षात ठेवून, सहाव्यांदा. जिंकल्याचं बक्षीस काय, तर काम दुप्पट. तिने चंबू उचलले आणि दाराशी पोचली तोच मागून गाल्यानोचा आवाज आला, तोंडात बिस्किट असूनही पार रस्त्यापर्यंत जाईल असा.

"बुधला डावीकडचा! आधी नळी धू! आणि पिंपाची तोटी घट्ट लाव, ती गळते!"

"गळत नाही," सेत्तिमिया मागे न बघता म्हणाली. "मी बदललीय."